नमुना क्रमांक एकशे बारा

बुधवारी आमची गाडी रामबागेच्या वळणावर उभी असते.
आत दोन स्टुलं, एक बेसिन, बाटल्यांचं खोकं, आणि मी.
दूध, मावा, हळद, काय असेल ते आणा,
दहा रुपये, पंधरा मिनिटांत सांगते.
इंदूरचे लोक पदार्थ कमी आणि खात्र्या जास्त आणतात.

मल्हारगंजातले खंडेलवाल मुठीत तांदूळ घेऊन येतात.
"प्लास्टिक आहे, मॅडम. भाताचा लाडू वळला, आपटला,
तर उसळला!"
उसळतोच, भिया.
"जाळला तर जळतोसुद्धा!"
पोळीही जळते. माझी तर रोजच.
ते हसत नाहीत. मोबाइल पुढे करतात.
त्यात एक हात आहे, लाडू आहे, फरशी आहे.
हाताला चेहरा नाही.

सकीनाबेन सफरचंदावर नख ओढून मेण दाखवतात.
त्याचं स्वतःचंही असतं थोडं, मी म्हणते,
वरून लावलेलंही असू शकतं.
"म्हणजे खरं की खोटं?"
थोडं खरं.
या उत्तराचे दहा रुपये द्यायला
प्रत्येकाच्या जिवावर येतं.

आणि ज्याच्यावर कोणाचा संशयच नव्हता
त्या कोपऱ्यावरच्या पनीरवर आयोडीनचा थेंब टाकला,
तर शाई सांडल्यासारखं निळंकाळं.
सगळे आधी थेंबाकडे बघतात, मग माझ्याकडे,
जणू पिठी मीच मिसळली.

मुकुंद पागे आले ते गाडी आवरताना.
इस्त्रीचा बुशशर्ट, पिशवीत लोणच्याची जुनी बरणी,
तळाला मध, रव्यासारखा गोठलेला.
"खोटाच आहे," ते म्हणाले, "फक्त लिहून द्या."

मी नेहमीचं सांगितलं:
पाण्यात तार धरते, कुत्रं तोंड लावत नाही, वात पेटते,
यातलं काही धरून चालायचं नाही, काका.
भेसळ करणाऱ्यालाही या परीक्षा पाठ असतात.
प्रयोगशाळेत पाठवावा लागेल.
"पाठवा. अकरा वर्षं थांबलोय."

तीन बुधवार गेले.
भेसळ आढळली नाही.
त्यांनी कागद चष्म्याने वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"महूच्या बसस्टँडवर सायकलवाल्याकडून घेतला होता.
घरी सांगितलं, पातालपाणीच्या जंगलातला आहे,
ओळखीच्या माणसाने काढून दिला.
वैद्यांनी अस्सलच हवा म्हटलं होतं.
पैसे नव्हते असं नाही. आळस होता.
नलू रोज सितोपलादीबरोबर घ्यायची.
खाली कण धरले तेव्हा एकदाच म्हणाली,
साखर दिसतेय हो.
मी म्हटलं, अस्सल मध असाच गोठतो."

गोठतो, मी म्हटलं. ते खरं आहे.

"पण मला ते माहीत नव्हतं ना."

बेसिनचा नळ गळत होता. मी तो बंद केला,
तो तसाही नीट बंद होत नाही.

"मग ती बरी का नाही झाली?"

काय होतं त्यांना?
"फुप्फुसांचं."

अस्सल मधानेही ते बरं होत नाही, काका.
हे नोंदवहीत लिहायला रकाना नाही,
म्हणून तोंडी सांगितलं.

ते बराच वेळ बरणीचं झाकण फिरवत राहिले,
लावत होते की काढत होते, कळेना.
"अकरा वर्षं टिकतो का पण?"
टिकतो.
"तेही खरं?"
तेही.

दहाची नोट त्यांनी दोनदा मोजल्यासारखी चाचपून दिली.
त्यांच्या मागे खंडेलवाल उभे होते,
आज अंडं घेऊन.