हिऱ्यापोटी

लेखा विभागातल्या भोंगळेंनी फाइल तिसऱ्यांदा परत पाठवली.
लाल शाईत शेरा : हिरे, नग चार. कोणासाठी?
मी खाली जाऊन पाकीट उघडलं.
साडेचार मिलिमीटरचा चौकोन, जाडी नखाएवढी,
ना पैलू ना झळाळी. जमिनीवर पडला असता तर
काचेचा टवका म्हणून केरात गेला असता.
ते म्हणाले, मॅडम, याला पाणी नाही.
नाहीच. हा खाणीतला नव्हे,
वायूच्या भट्टीत थरावर थर साचून वाढलाय.
म्हणजे खोटा?
खरा. पण बोटात घालायचा नाही.
सही झाली. नोंदवहीत रकाना मात्र तोच :
मौल्यवान वस्तू, कुलपात.

पाषाण रस्त्याखाली दोन जिने उतरून लेसर.
त्याचा एक ठोका केवढा, तर
शाळेत घोकलेले खर्व, निखर्व, महापद्म,
शंकू, जलधी, आणि मग अंत्य :
सेकंदाचे तितके तुकडे करा
आणि त्यातले शंभर उचला.
तेवढ्या वेळात प्रकाश वर ओरखडाही न काढता
आत उतरतो,
आणि जिथे एकवटतो तिथे, फक्त तिथे,
हिरा शिसपेन्सिलीतलं शिसं होतो.
दोन्ही कार्बनच. घडी मोडते, इतकंच.

मी सातवीत गणितात नापास झाले तेव्हा
मुख्याध्यापक बाबांना कोणी हसत म्हणालं होतं,
हिऱ्यापोटी गारगोटी.
बाबा हसले नव्हते.
आता रोज हिऱ्याच्या पोटात
काळे खांब मीच पेरते,
केसाहून बारीक, तळापासून वर,
ओळीत, शाळेच्या प्रार्थनेसारखे.

निरंजन वेदपाठक तार जोडतो.
रविवार पेठेतली पेढी भावाकडे सोडून आलेला.
पंचवीस मायक्रॉनची सोन्याची तार,
जोडताना श्वास अर्ध्यावर ठेवलेला.
घरचे विचारतात, म्हणे, हिऱ्यासोन्याचं काम,
मग घट किती धरतोस?

मोजणी रात्री. दिवसा मेट्रोचं खोदकाम
आमच्या तारांतून घुमतं.
शर्टाच्या बटणाएवढं अमेरिशिअम समोर ठेवायचं,
झाकण लावायचं, व्होल्टेज हळूहळू चढवायचं,
आणि गळती बघत बसायचं.
कागदाला अडणारा कण हिऱ्यात शिरतो,
केसाच्या पाव जाडीइतकं चालतो, थांबतो.
त्याचं मरण खांबांना ऐकू येतं.
पडद्यावर एकेक टिंब, मग टेकाड.
वेताळ टेकडीसारखं पसरट नको,
पर्वतीसारखं हवं, निरंजन म्हणतो,
आणि पायऱ्या मोजल्यासारखा पुटपुटतो.

तिसऱ्या पाटीत
सातव्या ओळीतला चौथा खांब मुका निघाला.
सूक्ष्मदर्शकात पाहिलं : पृष्ठभागाच्या
तीन मायक्रॉन अलीकडे थांबलेला.
तो गुरुवार होता. वीज गेली होती.
आम्हाला वाटलं होतं, तेवढ्यात झालं असेल.

तरी तीच पाटी घेऊन इस्पितळात गेलो.
शेवटचा पेशंट गेल्यावर अर्धा तास मिळतो,
साडेनऊ ते दहा.
टेबल अजून कोमट. खुंटीवर जाळीचे मुखवटे,
कपाळावर चिकटपट्टी, पट्टीवर नावं :
घोलप. मिसाळ. सय्यद, उद्या अकरा.
घोलपांचा जबडा जिथे असतो
तिथे आम्ही हिरा ठेवला,
जडजवाहिरात हाच एक मांसाच्या जवळचा म्हणून,
दार लावलं, बाहेर आलो.

किरण दिसत नाही, वास नाही, आवाज पंख्याचा.
आकडे आले. ठरल्यापेक्षा
दीड टक्का कमी.
यंत्र चुकतंय की आमचा मुका खांब,
हे पडद्यावर कळत नाही.
निरंजनने माझ्याकडे पाहिलं,
मी खुंटीकडे.
मग पाटी काढली, दुसरी लावली,
आणि तिथल्या भौतिकतज्ज्ञांना विचारलं,
अजून वीस मिनिटं मिळतील का?