मोजणीचा आठवडा

कुंपण आलं बुधवारी.
हिरवी जाळी, तळाशी सिमेंटचे ठोकळे,
आणि पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर,
मेट्रो स्टेशनचा थंडगार दरवाजा.

चौदा नंबरच्या इमारतीपासून तिथवर सहा मिनिटं लागायची,
घाफच्या दोन झाडांमधून,
बागेच्या काळ्या नळ्या ओलांडून.
आता हमरस्त्याने वळसा. सव्वीस मिनिटं.
दुबईत, ऑगस्टमध्ये, सव्वीस मिनिटं म्हणजे काय
हे कुंपणवाल्यांच्या गाडीतल्या एसीला विचारू नये.

अर्जाचं काम माझ्याकडे आलं.
अक्षर बरं, शिवाय पंधरा वर्षं शिपिंग कंपनीत
लोकांच्या हरवलेल्या पेट्यांबद्दल पत्रं लिहिते म्हणून.
लॉबीत खुर्च्या कमी पडल्या.
कुरियाकोस म्हणाले, पहिली गाडी पाचला जाते,
माझा डोळा नेमका तेव्हा लागतो, हे आधी लिही.
उम्म तारिकला ओट्यावरून डबे दिसतात,
म्हणजे डब्यांतून तिचा ओटा दिसतो.
तिसऱ्या मजल्यावरच्या झियानची तक्रार वेगळीच:
गाडीला ड्रायव्हर नाही.
मी रोज हात हलवतो, तो बघतं कोण?
तेही लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

निरोशा दाराशीच उभी राहिली. सही नको म्हणाली,
व्हिसाचे कागद आत गेलेत.
त्या वाटेवर सगळ्यांत जास्त पावलं तिचीच,
चार घरची कामं, दिवसाला दोन फेऱ्या.

लिहिता लिहिता मी ‘वाट’ या शब्दापाशी अडले.
आमच्यात वाट पाहतात, वाट लावतात,
कुणाच्या वाटेला जाऊ नकोस म्हणून पोरांना दटावतात.
कपडे मळले की धुवायचे,
वाट मात्र मळते तेव्हाच वाट होते.
हे इंग्रजीत साहेबाला कुठून सांगू?
मी लिहिलं, फूटपाथ.
उत्तर आलं, नकाशावर असा फूटपाथ नाही.

खरंच नव्हता.
रात्री शमाल सुटला की वाळू सपाट,
कुणी कधी गेलंच नव्हतं जणू.
पहाटे सफाईवाले, मागोमाग रात्रपाळीच्या नर्सेस,
मग शाळेच्या बसवरच्या बाया.
साडेसातला वाट तयार.
अकरा वर्षं, रोज.

एके दिवशी नारिंगी जाकिटातला पोरगा आला.
जाळीत माणूसभर फट पाडली,
खांबाला करड्या रंगाची पेटी बांधली.
सात दिवस मोजणार, म्हणाला. किती जातात ते बघू.

त्या आठवड्यात आमचं काय झालं सांगू?
गुडघ्याचं ऑपरेशन झालेले कुरियाकोस
काठी टेकत नऊ फेऱ्या मारून आले,
ताक प्यायले आणि दहावीला निघाले.
उम्म तारिक गहव्याचा थर्मास घेऊन.
झियान तर पेटीसमोरच नाचत होता.
मांजरंही मोजली गेली असणार.
आणि मी, जिला कंपनीची गाडी आहे,
जिने अर्जात ‘आमची वाट’ असं ठसठशीत लिहिलं
आणि अकरा वर्षांत चारदा ती तुडवली,
मीही चालले. बुटांत वाळू गेली.
ती अजून झटकलेली नाही.

शुक्रवारी पहाटे निरोशा गेली.
कागद आतून आले होते, पण नको ते.
बॅगेचं एक चाक मोडलेलं,
वाळूवर एक सरळ रेघ, शेजारी एक फरफट.
मी वरून बघत होते.
पेटीचा दिवा लुकलुकला.
एक.

दुपारी वारा सुटला.

निकाल काही आला नाही. पेटी काढून नेली.
फट मात्र तशीच आहे,
कुणीतरी बुजवायला विसरलं असावं.
आम्ही विचारत नाही, आठवण करून देत नाही.
कुणाच्या वाटेला जात नाही.
नुसते जातो.