थंडची रेघ

मे महिन्यात सकाळी सातलाच
इंडिकाच्या बोनेटवर हात ठेववत नाही.
तेलाच्या झाकणाला काडी, काडीवर दोन रेघा:
वरची गरमची, खालची थंडची.
धकाते म्हणाले, "थंडची विसरा मॅडम,
ते नागपूरसाठी नाहीच बनवली कंपनीनं."

महिनाभर कण्हत होती गाडी.
बेशाच्या रिकाम्या लेआउटमध्ये
शिकाऊ पोरी यू टर्न घेऊ लागल्या की
बोनेटखालून आवाज,
कुलरच्या टाकीतलं पाणी संपल्यावर
पंप करतो तसा.
मी मोठ्यानं शिकवायला लागले.
क्लच. क्लच दाब. आरसा बघ.
गजभियेंची तेजस्विनीच शेवटी म्हणाली,
"मॅडम, हे रडून काहून राहिली?"
मी म्हटलं, जुनी आहे.
खांद्याच्या डॉक्टरलाही मी हेच सांगते.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला,
कुलरच्याच खोक्याचा.
सकाळी त्यावर तीन थेंब.
गुलाबाच्या सरबतासारखे असायला हवे होते,
निघाले टपरीवरच्या
चौथ्या उकळीच्या चहासारखे.
वास करपल्याचा.

कामठी रोडला धकात्यांचं गॅरेज,
पानाच्या टपरीएवढं.
वडलांचा माग भंगारात गेला
तेव्हा एक धोटा ठेवून घेतला त्यांनी,
तो पान्यांच्या पेटीत असतो, काही कामाचा नाही.
पंपाचा पट्टा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला.
"ताणा सैल पडला का सूत बोलते, मॅडम.
पट्टा पण बोलते."

मग गुरांच्या दवाखान्यातली ती जाडी सिरिंज.
टाकीतलं काळं ओढून ओढून
पाण्याच्या बाटलीत भरलं,
झाकण लावलं, बाजूला ठेवलं,
कुणी पिऊ नये म्हणून वर फुली मारली.
"ब्रेक ऑइल टाकलं होतं का यात कधी?"
मी गप्प.
"टाकलं होतं."
"एकदा. घाईत."
"रबर फुगवते ते. सील खाते."
पुढं काही बोलले नाहीत,
हे जास्त लागलं.

पायपाची क्लिप बदलली, नवं तेल ओतलं.
घुमवा. डावीकडे पूर्ण. आता उजवीकडे.
हळू.
टाकीत फेस आला, बुडबुडे फुटले,
पातळी खाली गेली, पुन्हा ओतलं.
पुन्हा घुमवा.
आणि मी सवयीनं टोकाला नेऊन
दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"सोडा! सोडा!"
धकाते खिडकीशी आले, बोटं तेलकट.
"टोक लागलं का बोटभर मागं घ्यायचं.
धरून ठेवलं तर पंप नुसता जोर लावून राहते,
तापून राहते,
चाक तर तिथंच आहे."

एकोणीस वर्षं मी शिकवलं:
पूर्ण घुमव, आणखी, धर, धरून ठेव.
सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत
हजारभर बाया आज
टोकाला धरून बसल्या असतील
कुठल्यातरी पार्किंगमध्ये.
आणि मी स्वतः.
मानेवाड्याच्या प्लॉटवरून
वंदनाशी नऊ महिने बोलले नाही.
चाक तर तिथंच आहे.

परतताना ऑटोमोटिव्ह चौकात
मेट्रोच्या खांबांखालून वळले.
स्टीअरिंग इतकं हलकं
की वळण जास्तच घेतलं गेलं,
ई-रिक्षावाला ओरडला, "अबे बाप्पा!"
सिग्नलला वंदनाचा नंबर काढला.
मागच्यानं हॉर्न दिला, फोन ठेवला.
चेहरा होता तसाच स्क्रीनवर,
मग स्क्रीन विझली.

रात्री नवा पुठ्ठा सरकवला.
धकाते म्हणाले होते,
एखादा थेंब येईलच, सील जुनं आहे,
दर पंधरा दिवसांनी काडी पाहत जा.

सकाळी होता एक.
लाल.
मी पेनानं त्याच्याभोवती गोल काढला
आणि तारीख टाकली.