आधी का मंग

बोरटोल्याच्या पटात शेवटची जोडी सुटली
तेव्हा ऊन लाखोरीवर उतरलं होतं
आणि माझ्या कढईत भज्यांचा दुसरा घाणा.

डाव्या दानीवर कापगत्यांचे पवन्या आणि मुनीम.
उजव्या दानीवर गहाण्यांची तांबडी जोडी,
तिला नावं नाहीत, नुसती किंमत सांगतात.
सकाळच्या टायमात गहाणे पुढे होते
केसभर.

सहा सेकंदांचा मामला.
माणूस तेवढ्यात नीट शिंकत पण नाही.
पट म्हणजे तेवढंच,
बाकी सारं वर्ष बोलणं.

तर जोडी अर्ध्यात आली, इस्तारी धुरकरी छकड्यावर उभा,
आणि दानीत एक बकरी.
हटवार गुरुजींचा हात वर. हातात लाल झेंडी.
दोरा तुटला. घड्याळ थांबलं.
धूळ खाली बसली तेव्हा
मोटरसायकल गहाण्यांची झाली होती.

"झेंडी आधी, दोरा मंग. दान रद्द."
"दोरा आधी, झेंडी मंग. म्या माह्या डोयानं पाह्यलं."
"तुहा डोया त भज्यात होता."
"अन् तुहा गहाण्याच्या खिशात."
"गुरुजीले सांजच्याला दिसते का बाप्पा? मागच्या साली
त्याइनं आपल्याच जावयाले जय भीम केला, सरपंच समजून."

सलूनवाल्या नितेशकडे व्हिडिओ होता.
पन्नास जणांनी वाकून पाहिला, मागेपुढे करून, थांबवून थांबवून.
नेमक्या त्या जागी कोणाचा तरी गमछा
पडदा पडावा तसा
वर उडतो.
गमछा कोणाचा, यावर आता वेगळी भांडणं आहेत.

साकोलीकडून पोरगी दाखवायला आणली होती.
पोरगा पसंत, शेती पसंत, साखरपुड्याची तारीख पसंत.
मग दोन्हीकडचे मामे चहाला बसले
आणि एक म्हणाला आधी, एक म्हणाला मंग.
सोयरीक अजून झेंडीवर अडून आहे.

रात्री नाटक होतं. तिसऱ्या अंकात
नायिका नवऱ्याच्या मांडीवर मरत होती,
पेटीवाल्यानं सूर धरला होता, बायांचे पदर डोळ्यांना,
आणि मागून, अंधारातून, कोणीतरी ओरडलं,
"पर झेंडी आधीच होती!"
मेलेली नायिका हसली.
आम्ही सगळ्यांनी पाहिली हसताना.
तेवढ्या एका गोष्टीवर गावाचं एकमत आहे.

मला कोणी विचारलं नाही.
भजे तळणारीला कोण विचारतं?
ते डाव्या जोडीकडे पाहत होते, नाहीतर उजव्या,
गुरुजींकडे कोणी नाही, दोऱ्याकडे कोणी नाही.
मी पाहत होते तिकडेच.
झारा हातात, तेल जळत होतं,
पण मान वळवता येईना
कारण बकरी माझी होती.

दोर कुरतडून सुटली होती, दुपारीच.
दोऱ्याच्या पलीकडे कोणाचं तरी वैरण पडलं होतं, त्याच्या वासानं गेली.
मला दिसलं कोणतं आधी, कोणतं मंग.
चांगलं दिसलं. अजून दिसतं, झोपताना.
पण सांगायचं तर पहिलं वाक्य बकरीचं येतं,
आणि कापगत्यांकडे माझी उधारी आहे,
आणि गहाण्यांच्या विहिरीवर माझं पाणी.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. फाट्यावर कोणी नव्हतं.
अर्धा कप म्हणाले, बशीत ओतला, प्याले नाहीत.
"बाई, मले दोरा दिसलाच नाही.
झेंडी कवा उठली थेही मले ठावं नाही.
एक जीव दानीत दिसला अन् हात उठला.
हाताले का मी विचारून उठवलं?"

मी काही बोलले नाही. स्टोव्हला हवा भरली.
तेवढ्यात बाजेखाली घंटी वाजली,
पितळेची, चिरकलेली, साऱ्या गावात तसली एकच.

गुरुजींनी मान वाकवून पाहिलं.
बराच वेळ.
मग थंड चहा एका घोटात संपवला,
दहाची नोट बरणीखाली सारली,
उठले, चपला घातल्या, परत वळले.

"सुंबाचा दोर राहत नाही, बाई," म्हणाले.
"नायलॉनचा आन."