तीन सह्या

जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये, नऊ नंबरच्या कपाटात,
लाल फडक्यात बांधलेली एक फाईल होती.
तान्हाबाई थेटे विरुद्ध नाशिक नगरपालिका.
मी ती सोडली, बांधली, पुन्हा सोडली.
गाठ दरवेळी वेगळी बसायची.

पहिलं पान वकालतनाम्याचं.
म. वा. क्षेमकल्याणी, वकील.
निळी शाई, सहीची शेपटी कागदाबाहेर निघालेली.
तेव्हा काळा कोटसुद्धा उसना,
बाह्या मनगटाच्या वर,
आणि फी म्हणून सायकलच्या कॅरियरला
मेथीच्या दोन जुड्या.
मागणं केवढं, तर नदीकाठच्या ओट्यावर बसू द्या.
मनाई हुकूम मिळाला.
त्या बुधवारी बाजारात
वकीलसाहेबांकडून कुणी पैसे घेतले नाहीत.

मधे चौदा वर्षं.
मग ठराव क्रमांक एकशे बारा:
घाट रुंद करणे, ओटे हटवणे, सर्वानुमते मंजूर.
खाली अध्यक्ष. तीच सही,
शेपटी आता कागदातच वळवलेली.
सभेत म्हणाले होते म्हणे, शहर वाढतंय.
वाढत होतंच.

आणि अपील लागलं ते नेमकं त्यांच्याच कोर्टात.
पट्टेवाल्याने पुकारा केला.
तान्हाबाई उभी राहिली, कठड्याला न टेकता.
साहेबांनी पानं उलटली,
एकदा पुढून, एकदा मागून.
पंखा कुरकुरत होता.
माझी पेन्सिल वहीवर टेकलेली,
लघुलिपी इंग्रजी, नेहमीसारखी.

साहेब मराठीत बोलले.
"या कामात मी दोनदा बोललो आहे.
तिसऱ्यांदा बोलायचा मला अधिकार नाही.
प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग."
माझ्याकडे त्याच्या खुणा नव्हत्या,
शाळेत गिरवलेल्या अक्षरांत उतरवून घेतलं.
टाइप करून नेलं. सही केली.
काळी शाई. शेपटी नव्हतीच.

"म्हंजी पुढली तारीख?" तान्हाबाईने विचारलं.
पट्टेवाला म्हणाला, हो.

निकाल काय लागला, मला ठाऊक नाही.
माझी बदली मालेगावला झाली.

निवृत्त झाल्यावर मात्र एका बुधवारी पाहिलं:
पूर ओसरलेला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला गाळ,
आणि ओटा होता तिथे गोणपाट टाकून ती बसलेली.
समोर साहेब, कापडी पिशवी घेऊन.
तिने मेथी दिली. नोट घेतली.
जुडीवर काडीही जास्त ठेवली नाही.
"सुटे न्हाईत. थांबा," म्हणाली.

साहेब थांबले,
गिऱ्हाइकांच्या रांगेपासून जरा बाजूला,
पिशवी दोन्ही हातांत धरून,
पुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या पक्षकारासारखे.