एका गणिताची खिडकी

डायरीत भदौरिया मॅडमचा लाल शेरा :
'ध्यान नहीं देता.' महिन्यातला चौथा.

ग्वाल्हेर, दौलतगंज. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
काउंटरखाली निषाद, वहीत भागाकार,
भागाकारात पंखा, टेम्पो, समोरचं भांडण,
पेन्सिलीचं टोक, परत पंखा.
सगळंच ऐकू येतं त्याला, एकाच पट्टीत.

ओरडणारच होतो. पण हातात चिमटा होता,
आणि समोर उघडं घड्याळ, काचेच्या वाटीखाली झाकलेलं,
धुळीचा कणसुद्धा चाक अडवतो म्हणून.

एक जुनी लग्नपत्रिका घेतली, मधे चौकोन कापला,
वहीवर ठेवली. एकच गणित दिसेल एवढा.
"झालं की हाक मार."

हाक आली.
मग दुसरी.
तिसऱ्याला पळाला, माकडं बघायला.

मीही चौथीत दोनदा बसलो.
तुला काय काय ऐकू येतं,
असं कुणी विचारलं नव्हतं.