नववं प्रूफ

बडकस चौकातल्या आमच्या प्रेसमध्ये
आघाडीचा जाहीरनामा नवव्यांदा आला तेव्हा
रात्रीचे पावणेबारा, आणि कूलरच्या टाकीतलं पाणी संपून
पंप नुसता कण्हत होता.

भांडण पहिल्या ओळीतल्या एका शब्दाचं.
पिंपळापुरे शास्त्री तो लाल शाईनं घालत,
डॉक्टर हरकरे निळ्या शाईनं काढत.
'ईश्वरसाक्ष आम्ही वचन देतो.'
'आम्ही वचन देतो.'
मी पराते. बाप मागावर बसायचा, मी कीबोर्डवर.
धागा तुटला की सांधायचा,
लुगडं कोणाचं ते विचारायचं नाही.

बाकी त्यांचं जुळत होतं, हीच तर गंमत.
कलम सात: देवस्थानांवरचा सरकारी ताबा उठवावा.
शास्त्री म्हणाले, ते देवाचं आहे म्हणून.
हरकरे म्हणाले, ते सरकारचं नाही म्हणून.
दोघांनी सही केली.
मी कारणं गाळली, कलम ठेवलं.

दारूबंदीपाशी गाडी अडली.
'माणसाच्या पेल्यात राज्यानं बोट घालू नये.'
'मग राज्य हवंच कशाला?'
पुगलियाजी, ज्यांच्या साळ्याच्या नावावर
वर्धा रोडला दोन परमिट रूम,
एकेका शेंगदाण्याचं साल काढत म्हणाले,
'हे पुढच्या निवडणुकीला घेऊ, राजेहो.'

शब्दही तसाच ढकलता आला असता.
पण तो पहिल्याच ओळीत,
दारात आडव्या झोपलेल्या माणसासारखा.
ओलांडावं तर पाय लागतो.

'त्याच्या नावाशिवाय ही नुसती वाण्याची यादी.'
'वाण्याची यादी निदान खरी असते, शास्त्रीबुवा.
देवाला निवडणुकीत उतरवता,
आणि हरला तर?'
कोणीतरी हसलं. मीच असेन.

मग शास्त्री, चष्मा काढून, हळू:
'दर मंगळवारी टेकडी गणपतीच्या दाराशी उभे असता.
आरती संपेपर्यंत. पाहतो मी.'

'चपला सांभाळतो. ही आत जाते.
चाळीस वर्षं झाली, मी कधी पायरी चढलो नाही.'

'वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली, डॉक्टर.'

पंप तेव्हाच बंद पडला
की मी बंद केला, आठवत नाही.
हरकऱ्यांनी निळं पेन उघडलं, झाकलं, उघडलं.
शास्त्रींकडे पाहिलं तर
जिंकलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.
त्यांनीच प्रूफ माझ्याकडे सरकवलं,
'काढून टाक, पराते.'
आणि हरकरे, इंग्रजीत अर्थशास्त्र शिकवलेले हरकरे,
ओरडले, 'राहू दे बे!'

दीड वाजेपर्यंत तेच भांडण, उलटं.
शेवटी मी कोणाला विचारलं नाही.
शब्द उचलला, जागा ठेवली,
पाच अक्षरांची.
ऐंशी हजार प्रती सुटल्या.

कस्तुरचंद पार्कच्या सभेत
महिला आघाडीच्या वझलवारबाई जाहीरनामा वाचायला उठल्या
आणि पहिल्याच ओळीआधी थांबल्या.
बाईंना वाटलं, पान चुकलं.
मागच्यांना वाटलं, माईक गेला. शिट्ट्या.
त्या थांबण्यात
कोणी डोळे मिटले, कोणी घड्याळ पाहिलं.

चार जागा आल्या. आघाडी फुटली तान्ह्या पोळ्याला,
रस्त्यावरून मारबत चालली होती,
कार्यालयातून भाड्याच्या खुर्च्या.
'इडा पीडा घेऊन जा गे मारबत,' पोट्टे ओरडत होते.
नेमकं कोणाला घेऊन गेली, सांगता येत नाही.

माझं बिल अजून थकलंय, नऊ प्रूफांचं.
शास्त्री म्हणतात हरकऱ्यांना माग,
हरकरे म्हणतात शास्त्रींना.

परवा मंगळवारी मागायलाच गेलो होतो टेकडीवर.
हरकरे उभे होते, फुलवाल्याच्या बाजूला,
पाठ मंदिराकडे.
हातात काही नव्हतं,
तरी दोन बोटं वाकवलेली,
पट्टे अडकवल्यासारखी.

बिल खिशातच ठेवलं.